पट्टी, कॅल्क्युलेटर, फोन : गणिताच्या वर्गातल्या यंत्रांची चारशे वर्षं

विद्यार्थ्याच्या हातात यंत्र दिलं की त्याचं गणित कच्चं राहतं का? पालकांच्या कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा वाद रोज चालू असतो, आणि त्यात ‘हे मोबाईल आल्यापासून’ हे शब्द हमखास येतात. पण हा वाद मोबाईलपेक्षा कितीतरी जुना आहे. त्याची एक गाजलेली फेरी १६३० च्या आसपास लंडनमध्ये झाली, आणि भांडणारे होते एक गुरू आणि त्याचाच शिष्य.

धर्मगुरू आणि त्याची लपवलेली चकती

शिष्याचं नाव रिचर्ड डेलामेन. तो लंडनमध्ये गणित शिकवायचा. १६३० साली त्याने एक छोटंसं पुस्तक काढलं आणि राजा पहिला चार्ल्स याला अर्पण केलं. पुस्तकात एका उपकरणाचं वर्णन होतं : एकात एक बसणाऱ्या गोल चकत्या, त्यांच्या कडांवर कोरलेले आकडे. चकती फिरवून दोन आकडे जुळवले की गुणाकाराचं किंवा भागाकाराचं उत्तर समोर.

गुरूचं नाव विल्यम ऑट्रेड. सरे परगण्यातल्या ऑल्बरी गावचा धर्मगुरू, पण ओढा सगळा गणिताकडे. गुणाकारासाठी आपण जे × चिन्ह वापरतो, ते त्याच्या १६३१ सालच्या पुस्तकापासून रूढ होत गेलं. १६३२ मध्ये विल्यम फॉर्स्टर या दुसऱ्या शिष्याने ऑट्रेडच्या लॅटिन हस्तलिखिताचं इंग्रजी भाषांतर छापलं. त्यातही तशीच चकती होती. मग मूळ कल्पना कोणाची, यावरून गुरू-शिष्यांत जाहीर चिखलफेक झाली.

चोरीचा निकाल इतिहासकारांवर सोडू. आपल्या कामाची आहे ती फॉर्स्टरने प्रस्तावनेत सांगितलेली हकिगत. ऑट्रेडने हे उपकरण कित्येक वर्षांपूर्वीच तयार केलं होतं, पण शिष्यांपासून लपवून ठेवलं होतं. का, असं फॉर्स्टरने विचारलं. ऑट्रेडचं म्हणणं थोडक्यात असं : गणिताची विद्या उपकरणातून येत नाही, सिद्धतेतून येते. जे शिक्षक उपकरणापासून सुरुवात करतात, ते विद्यार्थ्याला जाणकार करण्याऐवजी हातचलाखी करणारा जादूगार करून सोडतात. आधी विषय समजून घे, मग उपकरण खुशाल वापर.

डेलामेनला हे झोंबलं. उमरावांच्या घरची मुलं त्याच्याकडे शिकायची. प्रत्येकाला सिद्धतांच्या खोलात जायला वेळ नसतो, आणि यंत्रापासून सुरुवात करण्यात कमीपणा काहीच नाही, असा त्याचा पवित्रा होता.

‘आधी समज, मग यंत्र’ आणि ‘यंत्र हातात घेऊन शिक’ या दोन बाजू तेव्हाच तयार झाल्या होत्या. पुढच्या चारशे वर्षांत यंत्रं बदलत गेली, बाजू त्याच राहिल्या. एक तिसरा पक्ष मात्र या दोघांच्या वादात नव्हता, आणि पुढे त्यानेच बहुतेक निकाल लावले. तो पक्ष म्हणजे परीक्षा.

लांबीत लांबी मिळवली की गुणाकार

ऑट्रेडच्या चकतीच्या मुळाशी लॉगरिदम होते. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने ते १६१४ मध्ये प्रसिद्ध केले. ते वाचून हेन्री ब्रिग्ज इतका भारावला की नेपियरला भेटायला थेट एडिंबरोला गेला, आणि पुढे १० हा पाया धरून त्याने नवी कोष्टकं तयार केली. आपल्या लॉग टेबलचं घराणं तिथून सुरू होतं.

कल्पना सोपी आहे. २ चा लॉग ०.३०१०, ३ चा ०.४७७१. दोन्हींची बेरीज ०.७७८१, आणि हा जवळजवळ ६ चाच लॉग. म्हणजे गुणाकाराचं काम बेरजेवर भागलं. आता एका पट्टीवर हे लॉग लांबी म्हणून आखा आणि तशीच दुसरी पट्टी तिच्याशेजारी सरकवा. एका लांबीत दुसरी लांबी मिळवली की गुणाकार झाला. गोल चकतीऐवजी ही सरळ, सरकती पट्टी जास्त टिकली. तिचं नाव स्लाइड रूल. १८५० च्या दशकात फ्रेंच लष्करी अधिकारी आमेदे मानहाइम याने तिला सुबक, ठरावीक रूप दिलं, आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं ती इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची ओळख बनून राहिली. अपोलो मोहिमांच्या अंतराळवीरांनीही पिकेट कंपनीची स्लाइड रूल सोबत नेली होती.

या पट्टीत एक ‘दोष’ होता. २ × ३, २० × ३० आणि ०.२ × ३ या तिन्हींसाठी पट्टी एकाच जागी येऊन थांबते. ६ एवढंच ती सांगते. ते ६ आहे, ६०० आहे की ०.६, हे सांगत नाही. दशांश चिन्ह कुठे द्यायचं ते वापरणाऱ्याने ठरवायचं. त्यामुळे पट्टी सरकवण्याआधी उत्तर साधारण किती येईल याचा अंदाज डोक्यात तयार असावाच लागे. उत्तर मिळायचं तेही तीनेक आकड्यांपुरतं, त्यामुळे खोट्या अचूकतेचा भ्रमही होत नसे.

अंदाजाची ही सवय आपल्याकडेही होती, फक्त तिचं यंत्र तोंडात होतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणजे दुकानदाराचा आणि कारकुनाचा पाठ केलेला कॅल्क्युलेटर. आण्यांचा हिशेब, पावशेर-अच्छेराची वजनं, यांच्यासाठी तो चोख चालायचा. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, मागोमाग मीटर आणि किलो आले, आणि या पाढ्यांचं रोजचं काम संपलं. पाढे गेल्याची हळहळ आजही ऐकू येते, पण ते गेले ते मुलं आळशी झाली म्हणून नव्हे. ज्या प्रश्नांसाठी ते होते, ते प्रश्नच बदलले.

३९५ डॉलर, मग २५ डॉलर

१९७२ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने एचपी-३५ बाजारात आणला. साईन, कॉस, लॉग, वर्गमूळ, सगळं शर्टाच्या खिशात मावेल अशा यंत्रात. किंमत ३९५ डॉलर. तेव्हा प्रश्न होता परवडण्याचा : श्रीमंताच्या पोराकडे हे यंत्र आणि बाकीच्यांकडे पट्टी, तर दोघांना एकाच परीक्षेला कसं बसवायचं?

हा प्रश्न बाजाराने चार वर्षांत निकालात काढला. १९७६ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-३० आला, किंमत जेमतेम २५ डॉलर. त्याच वर्षी कॉयफेल अँड एसर या नामांकित कंपनीने स्लाइड रूल बनवणं थांबवलं. साडेतीनशे वर्षं टिकलेलं तंत्र एका कॉलेज-बॅचच्या काळात संपलं.

आता भीती उलटी झाली. काहींकडेच आहे ही अडचण होती, तिथे सगळ्यांकडेच येणार ही अडचण झाली. अमेरिकेतल्या गणित शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९७४ मध्येच वर्गात कॅल्क्युलेटर वापरायला पाठिंबा दिला होता. १९८० च्या तिच्या कृती-आराखड्यात सर्व इयत्तांमध्ये कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर यांचा पूर्ण फायदा घ्या असं स्पष्ट म्हटलं होतं. सगळ्या शिक्षकांना ते पटलं नाही. १९८६ मध्ये याच परिषदेच्या वार्षिक अधिवेशनाबाहेर काही शिक्षक फलक घेऊन उभे राहिले. लहान इयत्तांमध्ये कॅल्क्युलेटर नको, आधी डोकं तयार होऊ द्या, ही त्यांची मागणी. ऑट्रेडने त्यांची पाठ थोपटली असती.

योगायोग असा की त्याच वर्षी रे हेम्ब्री आणि डोनाल्ड डेसार्ट या अभ्यासकांनी ७९ संशोधनांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. नेहमीच्या शिकवण्याबरोबर कॅल्क्युलेटर वापरला तर मुलांची कागद-पेन्सिलची कौशल्यं बिघडत नाहीत, सरासरी विद्यार्थ्याची तर सुधारतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. अपवाद एक : चौथी. तिथे सततच्या वापराने नुकसान दिसलं. २००३ मध्ये एमी एलिंग्टन यांनी आणखी ५४ संशोधनं तपासली. त्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आली : कॅल्क्युलेटरचा ठळक फायदा दिसतो तो शिकवताना आणि परीक्षेतही तो हातात असेल तेव्हा.

हे ऐकायला साधं वाटतं. पण याचा अर्थ, यंत्राचा परिणाम यंत्रावरच ठरत नाही. शेवटी कुठला पेपर समोर येणार आहे, यावरही ठरतो.

परीक्षेने निवडलेलं यंत्र

१९८५ मध्ये कॅसिओने एफएक्स-७०००जी आणला. आलेख काढणारा हा पहिला कॅल्क्युलेटर. समीकरण भरा, वक्र पडद्यावर. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या बर्ट वेट्स आणि फ्रँक डेमाना या प्राध्यापकांनी शिक्षकांना ही यंत्रं वापरायला शिकवण्याची मोहीमच उघडली. १९९० मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८१ आला. पण खरा धक्का परीक्षेने दिला. १९९४ पासून अमेरिकेतल्या सॅट परीक्षेत कॅल्क्युलेटर चालू लागला, आणि १९९५ पासून एपी कॅल्क्युलसच्या परीक्षेला आलेख काढणारा कॅल्क्युलेटर आवश्यकच झाला.

यानंतर जे घडलं ते सॉफ्टवेअरवाल्यांना ओळखीचं वाटेल : एकदा सिस्टीम एका हार्डवेअरला बांधली गेली की ते हार्डवेअर हलत नाही. परीक्षेत चालतो म्हणून शाळा तो मागवतात, शाळा मागवतात म्हणून पुस्तकं त्याच्या बटणांप्रमाणे लिहिली जातात, पुस्तकं तशी आहेत म्हणून परीक्षा तोच चालू ठेवते. २००४ साली आलेल्या टीआय-८४ प्लसमध्ये झेड-८० हा प्रोसेसर होता. त्या प्रोसेसरचा जन्म १९७६ चा. पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा. त्याच सुमारास लोकांच्या खिशात रंगीत पडद्याचे फोन आले होते, पुढे स्मार्टफोन आले, आणि हा कॅल्क्युलेटर शंभर डॉलरच्या आसपास विकला जातच राहिला.

परीक्षेची नजर नेमकी कशावर असते, हे दाखवणारा एक किस्सा टीआय-९२ चा. १९९५ मध्ये आलेलं हे यंत्र बीजगणित स्वतः सोडवायचं : अवयव पाडायचं, समीकरणं सोडवायचं, डेरिव्हेटिव्ह काढायचं. सॅटमध्ये त्याला बंदी होती. कारण? त्याला टायपिंगचा पूर्ण कीबोर्ड होता. मुलं प्रश्न टाईप करून बाहेर नेतील ही भीती. १९९८ मध्ये कंपनीने जवळजवळ तीच बुद्धी, पण साध्या बटणांच्या खोक्यात घालून टीआय-८९ म्हणून आणली. तो सॅटमध्ये चालला. एसीटी या दुसऱ्या परीक्षेने मात्र बीजगणित सोडवणारी यंत्रं नकोत म्हणून त्यालाही मनाई केली. एकीने कीबोर्ड अडवला, दुसरीने बीजगणित अडवलं. विद्यार्थ्याला बीजगणित कळण्यासाठी या यंत्राचं काय करता येईल, हा प्रश्न दोन्ही नियमावल्यांच्या बाहेरच राहिला.

दरम्यान शिकण्याची साधनं परीक्षेची वाट न बघता पुढे गेली होती. मार्कुस होहेनवार्टर या ऑस्ट्रियन विद्यार्थ्याने साल्झबर्ग विद्यापीठात आपल्या प्रबंधासाठी जिओजेब्रा लिहायला घेतलं. २००० च्या दशकाच्या सुरुवातीचं हे काम आज फोनवर फुकट चालतं. २०११ मध्ये ईलाय लुबेरॉफने डेस्मॉस सुरू केलं, तेही विद्यार्थ्यांसाठी फुकट.

यात काय विशेष आहे ते पाहायचं तर आत्ताच फोनवर डेस्मॉस उघडा आणि y = ax² + bx + c लिहा. a, b, c साठी सरकपट्ट्या तयार होतील. a बदललं की वक्र अरुंद-रुंद होतो, c बदललं की वर-खाली जातो. हे पुस्तकात असतं. आता फक्त b सरकवा. वक्र तिरपा-तिरपा सरकेल. त्याचं टोक कुठल्या वाटेने जातंय ते नीट पाहा. ती वाट सरळ रेषा नसते, तीही एक पॅराबोला असते, उलट्या तोंडाची : y = c − ax². वर्गसमीकरणं आपण दहावीत ढीगभर सोडवतो, पण b नेमकं काय करतो हा प्रश्न कधी पडत नाही. कागदावर पन्नास आलेख काढल्याशिवाय तो दिसतही नाही. फोनवर वीस सेकंदांत दिसतो, आणि मग ‘असं का?’ हे सिद्ध करायला कागदच लागतो. ऑट्रेड आणि डेलामेन या दोघांचंही इथे समाधान झालं असतं.

२०२४ मध्ये अमेरिकेतली सॅट कागदावरून पूर्णपणे पडद्यावर आली, आणि तिच्यात डेस्मॉसचा कॅल्क्युलेटर सगळ्यांसाठी आतच बसवलेला आहे. शंभर डॉलरच्या यंत्राची सक्ती तिथे उरली नाही. पण हे झालं केव्हा? साधन तयार झाल्यावर तेरा वर्षांनी, आणि परीक्षेला स्वतःला पडद्यावर जायचं होतं तेव्हा.

जिथे परीक्षा बघत नव्हती

यंत्राचा शिकण्यासाठी मोकळेपणाने वापर झाला, अशा दोन जागा मला सापडतात. दोन्ही परीक्षेच्या कक्षेबाहेरच्या.

पहिली इंग्लंडमधली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिलरी शुअर्ड यांच्या नेतृत्वाखाली प्राथमिक शाळांमध्ये एक प्रयोग झाला. सहा-सात वर्षांच्या मुलांना कॅल्क्युलेटर कायम हाताशी दिला. तो कधी वापरायचा, कधी नाही, हे मुलांनी ठरवायचं. हातच्याची बेरीज, उभी वजाबाकी या ठरावीक रीती शिकवायच्याच नाहीत. मोठ्या माणसाला घाम फुटावा असा हा प्रकार. पण लहान संख्येतून मोठी वजा केली की पडद्यावर उणे चिन्ह येतं, भागाकार केला की मधेच टिंब येतं, आणि मुलं हे काय म्हणून विचारत राहतात. ऋण संख्या आणि दशांश अपूर्णांक मुलांना अभ्यासक्रमाच्या कितीतरी आधी भेटले, आणि तोंडी हिशेबाच्या स्वतःच्या पद्धतीही त्यांनी शोधल्या. पुढे राष्ट्रीय अभ्यासक्रम आला, त्याच्या चाचण्या आल्या, आणि प्रयोगाची हवा ओसरली. २०१४ पासून तर तिथल्या प्राथमिक शाळेच्या शेवटच्या चाचणीतून कॅल्क्युलेटर पूर्ण बाद झाला.

दुसरी गोष्ट दक्षिण आफ्रिकेची, आणि ती थेट मुलांच्या स्वतःच्या फोनची आहे. २००७ मध्ये, व्हॉट्सॲप यायच्या आधी, तिथली पोरं मिक्सिटवर पडीक असायची. साध्या बटणांच्या फोनवर चालणारं हे चॅट एसएमएसच्या मानाने जवळजवळ फुकट होतं. शाळा वैतागलेल्या, पालक धास्तावलेले, वर्तमानपत्रांत धोक्याचे इशारे. प्रिटोरियातल्या मेराका या सरकारी संशोधन संस्थेत काम करणाऱ्या लॉरी बुटगेरेट यांनी उलटा विचार केला : मुलं तिथे आहेतच, तर गणिताची मदतही तिथेच नेऊ. ‘डॉ. मॅथ’ नावाचा संपर्क त्यांनी मिक्सिटवर सुरू केला. शाळा सुटल्यावर मुलगा किंवा मुलगी गृहपाठातला प्रश्न टाकायची. पलीकडे कॉम्प्युटरवर बसलेले प्रिटोरिया विद्यापीठाचे विद्यार्थी, त्यात बरेचसे इंजिनिअरिंगचे, उत्तर द्यायचे. अनेकांसाठी हे अभ्यासक्रमातल्या समाजसेवेचं काम होतं. एक शिकवणारा एकाच वेळी अनेक मुलांशी बोलू शकेल असं सॉफ्टवेअर मागे होतं, आणि कोणालाच कोणाची खरी ओळख कळत नसे.

ही शेवटची गोष्ट सुरक्षेसाठी होती, पण तिचा दुसरा उपयोग लक्षात घ्या. नववीतल्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज येत नसेल तर तो भर वर्गात ते विचारणार नाही. नाव-चेहरा नसलेल्या डॉक्टरला विचारेल. हजारो मुलांनी विचारलं. फोनचा प्रोसेसर किती वेगवान, पडदा किती मोठा, याचा इथे काही संबंध नव्हता. आकडेमोड तर तो फोन करतच नव्हता. तो मुलाला लाज न वाटता चुकायची जागा देत होता.

‘लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही’

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या पेपरवर एक सूचना असते : लॉग टेबल वापरता येईल, कॅल्क्युलेटर वापरता येणार नाही. ब्रिग्जची कोष्टकं जगात बहुतेक ठिकाणी संग्रहालयात गेली, आपल्याकडे ती स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. सायन्सच्या प्रत्येक मुलाला ०.०२ चा लॉग ‘बार टू पॉइंट थ्री झिरो वन झिरो’ हे माहीत असतं. बार असलेल्या लॉगची वजाबाकी करताना हात थरथरतो तो वेगळा.

आणि तोच मुलगा दोन-तीन महिन्यांनी इंजिनिअरिंगला गेला की पहिल्याच आठवड्यात सायंटिफिक कॅल्क्युलेटर विकत घेतो. मार्चमध्ये जे यंत्र निषिद्ध, ते ऑगस्टमध्ये आवश्यक. मधल्या काळात त्याच्या आकलनात असा कुठला बदल होतो? शेजारच्या आयएससी बोर्डात बारावीलाच सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालतो. जेईईत चालत नाही. गेटमध्ये स्वतःचा नेता येत नाही, पण पडद्यावर आभासी कॅल्क्युलेटर दिलेला असतो, आणि त्यावर माऊसने एकेक बटण दाबत बसावं लागतं. या नियमांमागे कॉपीची भीती आहे, सगळ्यांना समान संधी देण्याचा हेतू आहे, आणि तो हेतू खोटा नाही. पण वय अमुक झालं की यंत्र तमुक प्रकारे शिकवावं, असा विचार या यादीतून शोधू गेलं तर सापडत नाही.

याची किंमत मोजावी लागते ती आकड्यांत. यंत्र नाही म्हटल्यावर गणिताचा पेपर काढणारा सुबक आकडे निवडतो. वर्गमूळ पूर्ण निघतं, व्याज शून्यांवर संपतं, त्रिकोणाचे कोन ३०, ४५, ६० असतात. दहा वर्षं असं गणित केलं की, उत्तर वेडंवाकडं आलं म्हणजे आपलं चुकलं, अशी पक्की समजूत होते. खऱ्या आयुष्यातले आकडे मात्र नेहमी वेडेवाकडेच असतात.

एक उदाहरण घेऊ. पाच लाखांचं कर्ज, पाच वर्षं, ९ टक्के. एक जण म्हणतो ‘९ टक्के फ्लॅट’, दुसरा म्हणतो ‘९ टक्के रिड्युसिंग’. फ्लॅटचं गणित पाचवीतलं : वर्षाला ४५ हजार, पाच वर्षांचं व्याज सव्वादोन लाख, हप्ता सुमारे १२,०८३ रुपये. रिड्युसिंगमध्ये उरलेल्या मुद्दलावरच व्याज लागतं. त्यासाठी १.००७५ चा साठावा घात काढावा लागतो. तो येतो १.५६५७, आणि हप्ता येतो सुमारे १०,३७९. दोन्हीकडे शब्द ‘९ टक्के’च, पण पाच वर्षांत फरक एक लाखाहून जास्त. हे गणित समजायला दहावीचं बीजगणित पुरतं. साठावा घात हाताने काढणं मात्र शिक्षा आहे. म्हणून ते वर्गात येतच नाही, आणि मूल ते पुढे कधीतरी गाडीच्या शोरूममध्ये, सही करताना शिकतं, किंवा शिकतही नाही.

फोन आहे, पण कोणाचा?

यंत्र घरोघरी पोहोचलं आहे, हे आता खरंच आहे. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यापैकी स्वतःचा फोन मुलांमध्ये सुमारे ४४ टक्क्यांकडे होता, आणि मुलींमध्ये सुमारे २० टक्क्यांकडे. त्याच पाहणीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचं गणित निम्म्याहून कमी मुलांना जमलं.

हे आकडे शेजारी ठेवले की ‘विद्यार्थ्याचं स्वतःचं उपकरण’ या शब्दांतला ‘स्वतःचं’ डळमळतो. मुलीच्या वाट्याला फोन येतो तो भावाचं झाल्यावर, वडील कामावरून आल्यावर, कुणाच्या तरी नजरेखाली. लाज न वाटता चुकायची जागा तिला त्यात कशी मिळणार? १९७२ मध्ये ३९५ डॉलरने जी दरी पाडली होती, ती २५ डॉलरच्या यंत्राने बुजली. ही दरी नुसत्या किमतीची नाही, त्यामुळे फोन स्वस्त झाल्याने ती आपोआप बुजणार नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांचं नाव २०२० च्या ग्लोबल टीचर प्राइझमुळे सर्वांना ठाऊक झालं. पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड द्यायचा, म्हणजे घरातला कुठलाही फोन काही मिनिटं शाळेचा होतो, ही त्यांची युक्ती. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. फोन सामायिक आहे हे या कल्पनेने धरूनच चाललं होतं, हा मला तिचा मोठा गुण वाटतो. पण कोडच्या पलीकडे बहुतेकदा व्हिडिओ असतो, आणि व्हिडिओ मुलाला काही विचारत नाही.

दुसऱ्या टोकाला फोन आता सगळंच करून देतो. २०१४ मध्ये क्रोएशियातून फोटोमॅथ आलं : गणितावर कॅमेरा धरा, पायऱ्यांसकट उत्तर घ्या. आता एआय चॅटबॉट शाब्दिक उदाहरणंही सोडवतात. ऑट्रेडच्या भीतीत तथ्य आहे ते इथे. ‘पुढील समीकरण सोडवा’ एवढाच गृहपाठ असेल तर तो आता फोनचा गृहपाठ आहे, मुलाचा नाही. बंदी घालून शाळेचे सहा तास वाचतील, गृहपाठाची संध्याकाळ वाचणार नाही.

पण गृहपाठातला प्रश्न बदलता येतो, आणि त्यासाठी बोर्डाच्या परवानगीची गरज नाही. वर कर्जाचं गणित दिलं आहे, ते कुठल्याही नववी-दहावीच्या वर्गात चालेल. चार मुलांत एक फोन पुरे, तो शिक्षकांचाही चालेल. फोनला हात लावण्याआधी प्रत्येकाने हप्त्याचा अंदाज वहीत लिहायचा : पाच लाख भागिले साठ म्हणजे आठ हजारांच्या थोडं वर, त्यात व्याज, तर दहा-बारा हजार. मग फोन. मग आपला अंदाज का चुकला ते शेजाऱ्याला सांगायचं. पुढच्या तासाला घरातल्या खऱ्या कर्जाची, बचतगटाच्या किंवा फ्रीजच्या हप्त्याची कागदपत्रं आणायची, आणि त्यावर लिहिलेला दर फ्लॅट आहे की रिड्युसिंग, हे हप्त्यावरून उलटं शोधून काढायचं. ज्या घरात मुलीच्या हातात फोन द्यायला काचकूच होते, त्या घरात निदान एक संध्याकाळ तरी तो तिच्या हातात द्यावा लागेल, कारण हप्ता सगळ्या घराचा असतो.